काउंट डक्युला : शाकाहारी पिशाच्च बदक कुणाला आठवतंय का? आणि आजच्या पोरांना ते दाखवावं का?

तळघरातला_दिवा

भुताखेतांच्या जुन्या कार्टूनांचा विषय निघाला की गाडी स्कूबी-डूपाशी येऊन थांबते. पुढे कुणी जातच नाही. त्या पुढच्या भागात ज्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झालाय ते नाव म्हणजे काउंट डक्युला.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल स्टुडिओने थेम्स टेलिव्हिजनसाठी केलेली मालिका. पहिला भाग ६ सप्टेंबर १९८८ला दाखवला गेला, शेवटचा फेब्रुवारी १९९३मध्ये. एकूण ६५ भाग. ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका किल्ल्यात बदकांचं पिशाच्च घराणं आहे. चंद्र कुंभेच्या आठव्या घरात आला की शतकातून एकदाच विधी करून काउंटला पुन्हा जिवंत करता येतं. बटलर इगोर विधीसाठी रक्त मागतो, धांदरट नॅनी टोमॅटो केचपची बाटली पुढे करते, आणि जन्माला येतो तो पक्का शाकाहारी काउंट. त्याला माणसं चावायची नसतात, स्टेजवर नाव कमवायचं असतं. इगोर बिचारा त्याला 'खानदानी' बनवायला ६५ भाग झटत राहतो.

प्रश्न असे:
१. सात-आठ वर्षांच्या मुलांना आज हे झेपेल का?
२. सुरुवात कुठून करावी?
३. चांगली प्रत कोणती? यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी दिसतं ते चित्र फारच धुरकट आहे.

---

आंबटगोड

आपल्याकडे हा विधी झाला असता तर नॅनीने कोकमाचं आगळ ओतलं असतं आणि काउंट जन्मभर सोलकढी मागत फिरला असता.

---

मँचेस्टरकर

हे पात्र मुळात या मालिकेसाठी जन्मलेलंच नव्हतं. कॉसग्रोव्ह हॉलच्या 'डेंजर माउस'मध्ये (१९८१पासून) डक्युला खलनायक म्हणून अधूनमधून यायचा. तिथेही त्याला टीव्हीवर झळकायचं वेड होतंच, पण तो खराखुरा दुष्ट होता आणि अडखळत बोलायचा. स्वतःची मालिका देताना वेड ठेवलं, दुष्टपणा काढला आणि त्याचं कारण म्हणून केचपचा प्रसंग रचला. म्हणून 'डेंजर माउस'मधला डक्युला आणि हा डक्युला एकच समजून पाहायला बसलात तर गोंधळ होईल. स्वभावाने ही दोन वेगळी बदकं आहेत.

आवाज दोन्हीकडे डेव्हिड जेसनचा. ब्रिटनमध्ये 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधला डेल बॉय म्हणून तो घरोघरी माहीत होता. इगोर म्हणजे जॅक मे. बीबीसी रेडिओच्या 'द आर्चर्स'मध्ये नेल्सन गॅब्रिएल करणारे तेच हे. नॅनीचा आवाज ब्रायन ट्रूमन या पुरुषाचा, आणि तोच मालिकेच्या लेखकांपैकी एक. व्हँपायर मारायला निघालेला जर्मन हंस वॉन गूझविंग म्हणजे जिमी हिबर्ट, हेही लेखकच. पात्राचे संवाद लिहिणाराच ते बोलतोय, त्यामुळे नॅनी आणि गूझविंगच्या वाक्यांना जी लय आहे ती कमावलेली आहे.

---

खडूस_वाचक

लय-बिय ठीक आहे हो, पण अॅनिमेशन? अर्धा वेळ पात्रं उभी राहून नुसती बडबडतात. एक हात हलतो, बाकी पुतळा. मागच्या भिंतीही त्याच त्याच. 'दुर्लक्षित' राहिलं त्याला कारण आहे. आजच्या पोरांना हे दहा मिनिटंसुद्धा बांधून ठेवणार नाही.

---

चौकट_पंचवीस

@खडूस_वाचक, निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. जरा हिशेब करू.

एक भाग साधारण २२ मिनिटांचा. ब्रिटिश टीव्हीला सेकंदाला २५ चौकटी लागतात, म्हणजे एका भागाला ३३,००० चौकटी. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं, ज्याला 'ऑन टूज' म्हणतात, तरी १६,५०० चित्रं. तीसुद्धा पडद्यावर एकच पात्र आहे असं धरून. इगोर, नॅनी आणि काउंट एकत्र आले की तिप्पट. टीव्हीच्या मुलांच्या कार्यक्रमाला एवढा पैसा कोणीच देत नाही.

म्हणून चित्राचे थर पाडतात. धड एका सेलवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर), तोंड दुसऱ्यावर, हात तिसऱ्यावर. धड तसंच राहतं, तोंड तेवढं बदलत जातं. तुम्हाला जो पुतळा वाटतो तो हाच. तिन्ही थरांच्या कागदांना खाली तीन भोकं असतात, मधलं गोल आणि बाजूची दोन चपटी. ती खुंट्यांवर बसवली की चित्र सरकत नाही. भोक जरा सैल झालं की तोंड चेहऱ्यावर थरथरायला लागतं. जुन्या कार्टूनात पात्राची चोच उगाच नाचताना दिसली तर दोष बहुधा तिथे असतो.

कॉसग्रोव्ह हॉलची काटकसर तर प्रसिद्धच आहे. 'डेंजर माउस'मध्ये पात्रं वारंवार उत्तर ध्रुवावर जातात, कारण बर्फाला पार्श्वभूमी रंगवावी लागत नाही. नाहीतर दिवे जातात, आणि काळ्या पडद्यावर फक्त डोळ्यांच्या जोड्या उरतात. तिथे चित्र जवळजवळ फुकट, सगळा भार संवादावर. डक्युलाचा किल्ला अंधारा असणं ही त्याच शाळेची पुढची इयत्ता.

आणि म्हणूनच लेखन कसलेलं आहे. हात हलवून हसवता येत नव्हतं तेव्हा वाक्याने हसवलं.

---

पिंपळपार

+१. वाचनखूण साठवली.

---

रंगारी

चौकट_पंचवीस यांनी थरांचं सांगितलंच आहे, त्यात रंगाची भर घालतो.

त्या काळी पेन्सिलचं चित्र झेरॉक्सच्या पद्धतीने पारदर्शक सेलच्या पुढच्या बाजूला उमटवायचे आणि रंग मागून भरायचे. मागून भरल्यामुळे ब्रशचे फटके पुढून दिसत नाहीत आणि रेघही झाकली जात नाही. पण सेल पूर्ण पारदर्शक नसतो. एकावर एक चार थर ठेवले की सगळ्यात खालचा रंग किंचित पिवळट-काळपट दिसतो. त्यामुळे तोच लाल रंग वरच्या थरासाठी एका छटेचा आणि खालच्या थरासाठी थोडा उजळ असा दोन-तीन प्रकारे कालवून ठेवतात. तो हिशेब चुकला की पात्राने हात उचलला आणि हात वरच्या थरावर गेला, की बाहीचा रंग अचानक बदलतो. कोणतंही सेल-कार्टून चौकट-चौकट थांबवत पाहिलं तर अशी एक तरी जागा सापडते.

कुणाकडे जुने सेल असतील, लिलावातून घेतलेले वगैरे, तर दोन गोष्टी. व्हिनेगरसारखा वास आला म्हणजे अॅसिटेट, सेलचं प्लास्टिक, कुजायला लागलंय. तो सेल बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा, कारण त्यातून निघणारं आम्ल शेजारच्यालाही लागतं. आणि मागचा कागद रंगाला चिकटलेला असेल तर तो सोलू नका, कागदाबरोबर रंगही येतो. आर्द्रता ४० ते ५० टक्के, काचेला थेट टेकवायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही.

---

गप्पिष्ट

या सगळ्यात खरं दुर्लक्षित नाव राहिलं ना! डक्युलाला ब्रिटनमध्ये अजून ओळखतात. 'मिल्टन द मॉन्स्टर' कुणाला माहीत आहे? हाल सीगर यांची मालिका, अमेरिकेच्या एबीसीवर ९ ऑक्टोबर १९६५पासून, २६ भाग. गंमत म्हणजे युक्ती हीच. प्रोफेसर वीर्डो राक्षस बनवताना मिश्रणात कोमलतेचा अर्क जरा जास्त ओततो आणि भयंकराऐवजी गोडगोड मिल्टन तयार होतो. केचपच्या २३ वर्षं आधी!

---

निवांत

आणि 'ड्रॅक पॅक'? हॅना-बार्बेरा, १९८०, सीबीएस. सप्टेंबरात सुरू झाली आणि डिसेंबरात संपली, अवघे १६ भाग. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन आणि लांडगामाणूस यांचे वंशज असलेली तीन पोरं पूर्वजांच्या पापांची भरपाई म्हणून सत्कृत्यं करतात. उजवे हात एकमेकांवर आपटले की रूप बदलतं. समोर डॉक्टर ड्रेड आणि त्याची टोळी, त्याला आवाज हान्स कॉनरीड यांचा. चित्रं ऑस्ट्रेलियातल्या शाखेत झाली.

---

चौकट_पंचवीस

@गप्पिष्ट, युक्ती सारखी असली तरी वापर वेगळा आहे. मिल्टनची अर्ध्या तासाची वेळ अनेक छोट्या कार्टूनांत वाटलेली होती. 'फिअरलेस फ्लाय'सारखी भावंडं त्याच कार्यक्रमात. त्यामुळे मिल्टनच्या वाट्याला काही मिनिटंच यायची आणि दरवेळी ओळख, भांडण, शेवट एवढ्यात आटपायचं. डक्युलाला पूर्ण भाग मिळतो, म्हणून 'धनी पिशाच्च नाही याचं नोकराला दुःख' हा एकच विनोद वेगवेगळ्या अंगांनी फिरवता येतो.

'ड्रॅक पॅक'बद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. ती सुपरहिरोंची मालिका आहे, राक्षस नुसते कपड्यांपुरते.

---

निवांत

कपड्यांपुरते?? बिग डी म्हणजे खुद्द काउंट ड्रॅक्युला पोरांचा मार्गदर्शक आहे. रागावलेल्या आजोबासारखा तो दर भागात त्यांना झापतो. वाईट नावाचं ओझं पुढच्या पिढीने फेडायचं, हा विचार १९८०च्या शनिवार सकाळच्या कार्टूनात पाहायला मिळणं सोपं नाही. पण जाऊ दे, धागा डक्युलाचा आहे.

---

कोकणी_उल्का

अवांतर: हे सगळे स्टुडिओ ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन इतके बिनधास्त कसे वापरतात? हक्क-बिक्क नाहीत का?

---

गप्पिष्ट

@कोकणी_उल्का, कादंबऱ्यांवर हक्क उरलेले नाहीत. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ची, 'ड्रॅक्युला' १८९७ची. कुणीही वापराव्यात. पेच आहे तो दिसण्यात. सपाट कपाळ, मानेत खिळे, जड पापण्या हे रूप मेरी शेलीच्या पुस्तकात नाही. युनिव्हर्सलच्या १९३१च्या चित्रपटासाठी जॅक पिअर्स यांनी बोरिस कारलॉफच्या चेहऱ्यावर ते घडवलं आणि युनिव्हर्सल त्याची राखण करते. म्हणून कार्टूनवाले डोकं चौकोनी करतात पण खिळे हलवतात, टाके वाढवतात, रंग बदलतात.

उन्हाने पिशाच्च मरतं हेही 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या स्टोकरचं नव्हे. त्याचा काउंट दिवसाउजेडी फिरतो, फक्त शक्ती कमी असते. ऊन लागून विरघळायचं आलं १९२२च्या 'नोस्फेरातू'पासून. स्टोकरच्या विधवेने त्या निर्मात्यांना कोर्टात खेचून प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. तरी काही प्रती वाचल्या, आणि ऊन-नियम जगभर पसरला.

डक्युलाचा किल्लाही पहाटेला बांधलेला आहे. काउंट उभ्या शवपेटीत शिरतो आणि अख्खा किल्ला क्षणात जगात कुठेही पोचतो. पूर्व ट्रान्सिल्व्हेनियाच्या घड्याळात पहाट झाली की परत. लेखकांना यातून दोन फायदे: दर भागाला नवा देश, आणि गोष्ट संपवायला घंटा तयार.

---

आंबटगोड

त्या घड्याळातली दोन वटवाघळं विसरू नका, दिमित्री आणि स्वियातोस्लाव. कोकिळेच्या जागी बाहेर येऊन इतके फालतू विनोद करतात की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहज खपतील.

---

पिंपळपार

आपल्याकडे कुणी असं का केलं नाही? वेताळाची पालखी, मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस, देवचार... ऐवज भरपूर आहे.

---

कोकणी_उल्का

आमच्याकडचा देवचार मुळात गावाचा राखणदार. त्याला विडी, रोट आणि वेळेवर मान दिला की रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. त्याला विनोदी करायची गरजच नाही, तो आधीच मुलांच्या कार्टूनात शोभेल असा आहे. मुंजा मात्र अवघड. मुंज होऊन लग्नाआधी मेलेलं पोर, त्याची थट्टा सगळ्यांना रुचणार नाही.

---

खडूस_वाचक

हडळीची पावलं उलटी. चालण्याचं चक्र काढणाऱ्याला दुप्पट पैसे द्यावे लागतील.

---

चौकट_पंचवीस

उलट सोपं आहे. चालण्याचं चक्र साधारण आठ ते बारा चित्रांचं असतं. धड तेच ठेवून पायांचा थर उलट क्रमाने लावायचा. फक्त पाऊल जमिनीला टेकताना पार्श्वभूमी ज्या वेगाने सरकते तो वेग जुळला पाहिजे, नाहीतर हडळ घसरताना दिसते.

---

टेपवाला

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डीव्हीडी: ब्रिटनहून मागवलेली डिस्क बहुधा विभाग २ची (डिस्क कुठल्या देशांत चालेल त्याचा क्रमांक) आणि पॅल या टीव्ही-पद्धतीची असते. भारत विभाग ५मध्ये आहे. चित्रपद्धत दोन्हीकडे पॅलच असल्याने तिथे अडत नाही, अडतं ते विभागावर. घरचा प्लेअर बहुविभागी नसेल तर डिस्क नाकारेल. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यानंतर तो कायमचा कुलूपबंद. त्यामुळे एक जुना ड्राइव्ह विभाग २वर लावून तसाच ठेवा.

अमेरिकी डिस्क किंवा तिच्यावरून चढवलेली फाइल शक्यतो टाळा. २५ चौकटींचं चित्र तिथल्या जवळपास ३० चौकटींत बसवताना शेजारशेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळतात. तपासायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एखादं धावतं दृश्य लावा आणि ई ही कळ दाबत एकेक चौकट पुढे सरका. हाताच्या मागे दुसरा फिकट हात दिसला की समजा मिसळलेली प्रत आहे. सुरुवातीला विचारलेला धुरकटपणा बऱ्याचदा हाच असतो. तो नुसत्या 'शार्पन'ने जात नाही, उलट दोन्ही हात ठळक होतात.

व्हीएचएस: ब्रिटनहून कुणी टेप आणली असेल तर ती आपल्या व्हीसीआरवर चालते. प्रसारणात ब्रिटनचा ध्वनिवाहक ६ मेगाहर्ट्झवर आणि आपला ५.५वर असल्याने तिथला टीव्ही इथे मुका राहायचा, पण टेपवर तो फरक उतरत नाही. अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही-पद्धतीची टेप मात्र मल्टिसिस्टिम व्हीसीआरशिवाय नको.

आपल्या हवेत टेपचा खरा शत्रू बुरशी. टेप व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून गुंडाळीच्या कडा पाहा, मग बाजूचं बटण दाबून झडप उघडा आणि तिथेही पाहा. पांढरी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर टेप लावू नका. हेड (व्हीसीआरचा टेप वाचणारा भाग) भरतात, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक टेपला तीच बुरशी लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडेच द्या. स्वतः हाताळताना मास्क लावा.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याची पट्टी. पट्टी ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचा फेराइट टवका उडतो आणि व्हीसीआर गेला म्हणून समजा. कापसाची काडी नको, तंतू हेडमध्ये अडकतात.

टेप संगणकावर उतरवताना ७२० बाय ५७६, २५ चौकटी, इंटरलेस (प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागलेली) तसंच ठेवून, हफवाययूव्हीसारख्या बिनघट (दर्जा न घटवणाऱ्या) कोडेकमध्ये. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी. पाहण्याची प्रत नंतर क्यूटीजीएमसी या फिल्टरने ५० चौकटींची करा, मूळ फाइलला हात लावू नका. स्वस्त यूएसबी डोंगल टाइमबेस करेक्टरशिवाय (टेपच्या सिग्नलची लय सरळ करणाऱ्या यंत्राशिवाय) चौकटी गाळतो, आणि वीसएक मिनिटांत आवाज-ओठ सुटायला लागतात. करेक्टर परवडत नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडा. टेप रेकॉर्ड न करता सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. पुष्कळ फरक पडतो.

---

पिंपळपार

_/\_

---

गप्पिष्ट

टेपवाले, मग 'ग्रूव्ही गूलीज'चं काय करायचं? फिल्मेशन स्टुडिओची, १९७०, १६ भाग. ड्रॅक, फ्रँकी आणि वुल्फी यांचा बँड, प्रत्येक भागात गाणी, 'लाफ-इन' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमाच्या धर्तीवर खिडक्या उघडून मारलेले विनोद. २००६ची डीव्हीडी ऐकताना गाणी चिपमंकी, म्हणजे चिरक्या चढ्या आवाजाची, वाटतात.

---

टेपवाला

@गप्पिष्ट, कान चांगले आहेत. फिल्मेशनचा संग्रह पुढे ज्यांच्याकडे गेला त्यांनी तो पॅल व्हिडिओवर उतरवून घेतला. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ने धावली, म्हणजे वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर. अडीच मिनिटांचं गाणं २ मिनिटं २४ सेकंदांत संपतं. मग तीच पॅल प्रत अमेरिकी डिस्कसाठी एनटीएससीत बदलली, म्हणजे वर मिसळलेल्या चौकटींचाही त्रास.

उपाय क्रमाने करायचा:
- आधी चित्र. एविसिंथ या सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसीने फील्ड वेगळी करा, मग एसरिस्टोर या फिल्टरला २५ सांगा. मिसळलेल्या चौकटी टाकून तो स्वच्छ २५ परत काढतो.
- मग त्याच २५ चौकटींना २३.९७६ वेगाच्या म्हणून घोषित करा. एकही चौकट गाळायची किंवा वाढवायची नाही.
- आवाज ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. स्पीडचा पर्याय, उणे ४.०९६ टक्के. टेम्पोचा पर्याय नको, त्यात वेग उतरतो पण सूर चढलेलाच राहतो.

क्रम उलटा केला, म्हणजे मिसळलेल्या चित्रावरच वेग उतरवला, तर धुरकटपणा कायमचा बसतो. आणि काही प्रतींत कुणीतरी आधीच सूर खाली आणलेला असतो, वेग मात्र चढाच. तिथे स्पीड वापरला तर गाणी घसा बसल्यासारखी होतील. अशा वेळी टेम्पोच बरोबर. त्यामुळे आधी सूर तपासा, मग आकडा टाका.

---

तळघरातला_दिवा

टेपवाले, दंडवत. डक्युलाला हा सूर-वेगाचा उपद्व्याप लागेल का?

---

टेपवाला

ब्रिटिश टीव्हीसाठीच केलेलं असल्याने पॅल प्रतीला वेगाची दुरुस्ती करू नका. पॅल दिसलं की हौशी लोक लगेच उणे ४ टक्के मारतात, मग डेव्हिड जेसन झोपेत बोलल्यासारखा ऐकू येतो. एनटीएससी प्रत असेल तर फक्त पहिली पायरी करा, २५वर थांबा.

---

मँचेस्टरकर

आता पहिल्या दोन प्रश्नांकडे.

सात-आठ वर्षांना झेपेल, भीतीची अडचण नाही. रक्त म्हणून पडद्यावर जे काही येतं तो शेवटी केचपच. मारामारी आपटाआपटीची: एक हात कायम झोळीत असलेली नॅनी दार न उघडता भिंतीतून आरपार येते आणि भोक तिच्या आकाराचं पडतं. अडचण उच्चारांची आहे. इगोर खर्जात संथ बोलतो, ते कळतं. गूझविंगचं जर्मन वळणाचं इंग्रजी आणि फ्रेंच चोर गॅस्टन-पिअरची जोडी मुलांच्या डोक्यावरून जाईल. इंग्रजी सबटायटल लावा आणि पहिले काही भाग सोबत बसा. परदेशी माणूस म्हणजे विचित्र उच्चार आणि ठरावीक खोड, हा तेव्हाचा ब्रिटिश विनोद आहे. मुलं विचारतील तेव्हा दोन वाक्यांत सांगून टाकायचं.

भाग स्वतंत्र आहेत, क्रम लागत नाही. तरी सुरुवात पहिल्याच भागापासून करा, इजिप्तमधल्या गूढ सॅक्सोफोनच्या. किल्ल्याचं असं क्षणात दुसरीकडे पोचणं, पहाटेची मुदत, इगोरची निराशा, नॅनीचा धसमुसळेपणा हे सगळं त्यात एकदम कळतं. शीर्षकदृश्य पुढे ढकलू नका, केचपचा किस्सा तिथेच आहे. तो न पाहिलेल्या मुलाला पिशाच्च गाजर का खातंय हे कळणार नाही.

गॅस्टन-पिअर आवडले तर त्यांच्यावरून निघालेली 'व्हिक्टर अँड ह्यूगो' (१९९१) शोधा. मालिकेतून निघालेल्या मालिकेतून निघालेली मालिका.

---

खडूस_वाचक

म्हणजे उंदरातून बदक, बदकातून चोर. बरं, इतकं चांगलं होतं तर २०१५मध्ये 'डेंजर माउस' नव्याने काढला तसा डक्युला का नाही काढला?

---

मँचेस्टरकर

कारण कुणी जाहीर केलेलं नाही, त्यामुळे माझा अंदाज. एक, १९९१च्या टीव्ही परवान्यांच्या फेरवाटपात थेम्सचा परवाना गेला, १९९२च्या शेवटच्या दिवशी त्यांचं प्रसारण थांबलं. डक्युलाचे शेवटचे भाग त्यानंतर दाखवले गेले, म्हणजे पाठीशी घरचं केंद्र उरलंच नव्हतं. स्टुडिओ पुढे अँग्लिया या दुसऱ्या टीव्ही कंपनीकडे गेला आणि २००९मध्ये बंद झाला. दोन, गुप्तहेर उंदराला कुठलाही काळ चालतो. डक्युलाचा विनोद जुन्या भयपटांच्या थट्टेवर उभा आहे. ते भयपट न पाहिलेल्या मुलाला अर्धाच विनोद मिळतो.

---

रंगारी

दुसरं कारण तितकंसं पटत नाही. केचप आणि गाजर समजायला भयपट कशाला पाहिजे?

---

निवांत

मराठीत डबिंग केलं तर? इगोरसाठी खर्जातला जुना नाटकवाला शोधायचा.

---

चौकट_पंचवीस

तांत्रिकदृष्ट्या बदकं डब करायला सोपी. माणसाचं तोंड काढताना प, ब, म साठी ओठ मिटलेले दाखवावे लागतात, तेही आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी, नाहीतर सुटलेलं दिसतं. चोचीला ओठच नाहीत, उघडझाप जुळली की झालं. खरी मेहनत संगीताची. संवाद आणि पार्श्वसंगीत वेगळ्या पट्ट्यांवर असलेली प्रत लागते. ती नसेल तर संवाद पुसताना खालचं संगीतही जातं आणि सगळं नव्याने वाजवावं लागतं.

---

आंबटगोड

नॅनीचा आवाज पुरुषाचाच पाहिजे, ही अट. आणि केचपच्या जागी आगळ, यावर मी ठाम आहे.

---

तळघरातला_दिवा

विभाग २वर लावायला जुना ड्राइव्ह सापडला, त्याचा विभाग चार वेळा बदलून झालाय असं दाखवतोय. म्हणजे एकच संधी शिल्लक. टेपवाले, विभाग बदलण्याआधी डिस्क आत असावी लागते का?

---

टेपवाला

हो, विंडोजमध्ये विभाग २ची डिस्क आत ठेवूनच बदला, नाहीतर तो नकार देतो. डिव्हाइस मॅनेजर, ड्राइव्हचे गुणधर्म, डीव्हीडी रीजन. 'ओके' दाबायच्या आधी देशाच्या यादीत युनायटेड किंगडमच निवडलंय ना ते दोनदा पाहा.